बाविसाव्या उचलीला कण्यात काय घडते

कमरेचे पाच मणके, त्यांच्यामधल्या चकत्या आणि त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध एवढेच ठेवायचे. भोवतालचे सगळे स्नायू काढून टाकायचे आणि वरून हळूहळू भार वाढवत जायचा. असा उघडा कणा किती वजन पेलेल? अमेरिकेतल्या येल विद्यापीठात क्रिस्को आणि मनोहर पंजाबी यांनी मृतदेहांच्या कण्यांवर हा प्रयोग केला आणि १९९२ च्या सुमारास त्याचे निष्कर्ष छापले. उत्तर होते साधारण ९० न्यूटन, म्हणजे जेमतेम नऊ किलो. त्याहून जास्त भार आला की कणा बाजूला कलतो आणि मोडून पडतो. कमरेच्या वर आपले स्वतःचे धड, डोके आणि हात मिळून याच्या कितीतरी पट वजन असते. म्हणजे नुसत्या हाडांच्या भरवशावर माणसाला सरळ उभेही राहता येणार नाही.

आता दुसरा आकडा. १९९१ मध्ये कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातल्या चोलेविकी, मॅगिल आणि नॉर्मन यांनी पॉवरलिफ्टिंगच्या खेळाडूंचा डेडलिफ्ट अभ्यासला. जमिनीवरचा बारबेल उचलून मांडीपर्यंत आणताना कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या सांध्यावर किती दाब येतो, याचा त्यांनी हिशेब मांडला. तो १७,००० न्यूटनांच्याही वर गेला. पावणेदोन टन वजन अंगावर यावे तेवढा हा दाब, आणि तो सोसून ती माणसे बार खाली ठेवून हसत चालत गेली.

नऊ किलोला मोडणारा कणा आणि पावणेदोन टन सोसणारा कणा एकच आहे. मला मानवी शरीराबद्दल माहीत असलेल्या गोष्टींत यापेक्षा थक्क करणारी दुसरी नाही. मधला सगळा फरक स्नायूंचा आहे, आणि त्यातही त्यांच्या ताकदीपेक्षा त्यांच्या वेळेच्या भानाचा. गलबताची डोलकाठी चहूबाजूंच्या दोरांनी उभी असते. एक दोर सैल पडला तर काठी कितीही जाड असली तरी उपयोग नाही. पाठीचे, पोटाचे, कुशीचे स्नायू हे ते दोर. फरक इतकाच की हे दोर जिवंत आहेत आणि मेंदू, मज्जारज्जू त्यांना क्षणाक्षणाला आवळत-सैलावत असतात. वजन उचलण्याआधी आपण नकळत श्वास रोखतो आणि पोट ताठ करतो, तेही याच कामासाठी. पोटातला दाब वाढला की कण्याला समोरूनही आधार मिळतो.

एक दोर सैल पडला म्हणजे काय होते, हे एकदा प्रत्यक्ष चित्रित झाले आहे. चोलेविकी आणि मॅगिल पॉवरलिफ्टिंग करणाऱ्यांच्या कण्याचे सलग क्ष-किरण चित्रण करत होते. एका खेळाडूने वजन उचलायला घेतले आणि त्या उचलीत त्याला इजा झाली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदीनुसार कमरेचे बाकी सगळे सांधे आपापल्या सुरक्षित कोनात होते. दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधला एकच सांधा आपल्या पूर्ण वाकण्याच्या मर्यादेपर्यंत गेला आणि तिच्याही किंचित पलीकडे सरकला. एकाच सांध्यात आणि एका क्षणापुरते त्याच्या स्नायूंचे नियोजन चुकले होते. बाहेरून पाहणाऱ्याला बहुधा काही दिसलेही नसते.

हे सगळे एका ताज्या, तयारीच्या खेळाडूत घडले. थकलेल्या माणसात हे भान आणखी किती डळमळत असेल, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे. आज शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही जिमच्या ‘ग्रुप बॅच’ चालतात. घड्याळ लावून, संगीत मोठे करून, पंधरा-वीस जण एकाच वेळी धावतात, उड्या मारतात आणि त्याच दमात जड बारही उचलतात. यातला उत्साह मला मनापासून आवडतो. एकट्याने कधीच व्यायाम न करणारी कितीतरी माणसे अशा बॅचमुळे घराबाहेर पडली आहेत. म्हणूनच त्यातला एक विशिष्ट भाग नीट समजून घ्यायला हवा असे वाटते.

थकवा मोजायच्या सुरुवातीच्या पद्धतशीर प्रयत्नांपैकी एक इटलीतल्या तुरिनमध्ये झाला. अँजेलो मोस्सो नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात एर्गोग्राफ नावाचे यंत्र बनवले. माणसाचा हात पट्ट्यांनी बांधून ठेवायचा, फक्त मधले बोट मोकळे. त्या बोटाने ठरावीक ठेक्यावर एक छोटे वजन ओढायचे, पुन्हा पुन्हा, बोट हलेनासे होईपर्यंत. फिरत्या कागदावर प्रत्येक ओढीची रेघ उमटे. मोस्सोच्या लक्षात आले की प्रत्येक माणसाच्या थकण्याची रेघ वेगळी असते. कुणाची सावकाश उतरते, कुणाची बराच वेळ टिकून एकदम कोसळते. आणखी नवलाची गोष्ट पुढे आहे. त्याच्या सहकाऱ्यांपैकी एका डॉक्टरने विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेतल्यानंतर हाच प्रयोग केला, तेव्हा त्याचे बोट एरवीपेक्षा कितीतरी लवकर थांबले. बोटाने दिवसभर काहीच काम केले नव्हते, थकला होता मेंदू. १८९१ मध्ये मोस्सोने थकव्यावर पुस्तक लिहिले, आणि ‘थकवा स्नायूत असतो’ या सरळ समजुतीला तडा गेला.

स्नायूतही तो असतोच. जोरदार उचलीसाठी स्नायू फॉस्फोक्रिएटिन नावाचा साठा वापरतात. तो जेमतेम दहा सेकंदांच्या जोराला पुरतो. साधारण अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीत तो निम्मा भरून येतो, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. तोवर स्नायूंच्या पेशींत फॉस्फेट साचते, कॅल्शियमची ये-जा मंदावते आणि तोच मज्जातंतूचा हुकूम येऊनही पेशी पूर्वीइतक्या जोराने आवळत नाही. याचे सगळे खापर वर्षानुवर्षे लॅक्टिक आम्लावर फोडले गेले. आज शास्त्रज्ञ त्याला मुख्य आरोपी मानत नाहीत. मग मेंदू काय करतो? तो आणखी स्नायुतंतू कामाला लावतो, शेजारच्या स्नायूंची मदत घेतो, हालचालीचा मार्ग बदलतो. मांड्या थकल्या की कुल्ले आधी वर येतात आणि भार कमरेवर सरकतो. जिममध्ये याला ‘फॉर्म तुटणे’ म्हणतात.

आपल्याला हे कळतही नाही, आणि सगळ्यात घातक गोष्ट तीच. डोळे मिटून आपला हात कुठल्या कोनात आहे हे आपण सांगू शकतो, कारण स्नायूंतले संवेदक ते मेंदूला कळवत असतात. स्नायू थकला की ही बातमीच चुकीची येऊ लागते. दमलेल्या हाताचा कोन माणसाला विचारला तर त्याचा अंदाज चुकतो, हे प्रयोगांत दिसले आहे. कण्याच्या बाबतीत चूक अगदी किंचित असली तरी पुरते, हे वर पाहिलेच.

आता ज्या खेळात जड वजन उचलणे हाच सगळा खेळ आहे, तिथे थकव्याशी कसे वागतात ते पाहू. ऑलिंपिक पद्धतीच्या वेटलिफ्टिंगमध्ये खेळाडूला अख्ख्या स्पर्धेत फक्त सहा उचली मिळतात, तीन स्नॅचच्या (बार जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर) आणि तीन क्लीन अँड जर्कच्या (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर). नाव पुकारल्यावर एक मिनिट, आणि लागोपाठ त्याच खेळाडूची पाळी आली तर दोन मिनिटे. ही दोन मिनिटे नियमातच लिहिलेली आहेत. विश्रांती ही तिथे कुणाची मेहरबानी नाही, ती खेळाचाच भाग आहे.

एवढे असूनही चुकीला जागा किती कमी असते, हे ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमला दिसले. राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनगटात सांगलीचा संकेत सरगर उतरला होता. वय एकवीस, वडिलांची सांगलीत पानटपरी. स्नॅचमध्ये त्याने ११३ किलो उचलले आणि मलेशियाच्या अनिक कस्दानवर सहा किलोंची आघाडी घेतली. क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो झाले. मग १३९. बार डोक्यावर नेताना त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. तसाच दुखरा हात घेऊन तो तिसऱ्या प्रयत्नाला पुन्हा आला. तेही जमले नाही. कस्दानने १४२ किलो उचलून एकूण २४९ केले, संकेतचे २४८ झाले. एका किलोने सुवर्णपदक हुकले, तरी त्या स्पर्धेतले भारताचे पहिले पदक त्याचेच होते. मी हे थकव्याचे उदाहरण म्हणून सांगत नाही. वर्षानुवर्षे एकच हालचाल घोटवलेल्या, प्रशिक्षकांनी वेढलेल्या खेळाडूलाही एखादा सांधा असा दगा देऊ शकतो, हे ध्यानात राहावे म्हणून सांगतो आहे.

त्याच स्नॅचचे ग्रुप बॅचमधले रूप पाहा. क्रॉसफिट या व्यायामपद्धतीत ‘इसाबेल’ नावाचा एक प्रसिद्ध वर्कआउट आहे. १३५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ६१ किलोंचा बार तीस वेळा स्नॅच करायचा, आणि जितक्या लवकर संपेल तितके चांगले. ‘ग्रेस’ मध्ये तेच वजन, तीस वेळा क्लीन अँड जर्क. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून डोक्यावर जायला एखादा सेकंद लागतो आणि त्या सेकंदात घोटे, गुडघे, कंबर, खांदे, कोपरे यांची एक अचूक साखळी जुळावी लागते. पहिल्या पाच उचलींत ती जुळते. बाविसाव्या उचलीला फॉस्फोक्रिएटिनचा साठा केव्हाच आटलेला असतो, पाठीचे स्नायू शिथिल पडू लागतात, दम लागल्यामुळे श्वास रोखून पोट ताठ करणे जमत नाही. छाती हवेसाठी धडपडत असते, आणि पोटातला दाब टिकवायचा तर तीच हवा रोखून धरावी लागते. एकच पडदा, श्वासपटल, या दोन्ही कामांना लागतो, आणि एकाच वेळी दोन्ही कामे त्याला नीट करता येत नाहीत. घड्याळ मात्र पळत असते.

आपल्या तालमींनी जड आणि पुष्कळ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या. जोर आणि बैठका शेकड्यांनी मारायच्या, त्यात वजन फक्त स्वतःच्या अंगाचे. दगडी नाल उचलायची ती मात्र एकदा, दोनदा, ताज्या दमाने, आणि वस्तादांच्या नजरेखाली. तमिळनाडूच्या दक्षिणेकडच्या गावांतही गोल, गुळगुळीत, धरायला कठीण असा दगड असे, इळवट्टक्कल. गावातला तरुण तो सगळ्यांसमोर उचलून खांद्यावर घेई. तीस वेळा घाईने तो दगड उचलावा असे कुणाच्या मनात आले नव्हते.

तमिळनाडूचा विषय निघालाच आहे, तर गुम्मिडिपूंडीकडे वळू. चेन्नईपासून उत्तरेला सुमारे ४५ किलोमीटरवर, आंध्रच्या सीमेलगत, तिरुवळ्ळूर जिल्ह्यातले हे गाव. चेन्नईच्या उपनगरी गाड्या इथवर येतात आणि राज्य सरकारच्या सिपकॉटची मोठी औद्योगिक वसाहत इथे आहे. अशा गावात संध्याकाळच्या बॅचला येणाऱ्या तरुणाचा थकवा जिमच्या दारात सुरू होत नाही. तो आठ तासांची पाळी उभ्याने करून आलेला असतो, कधी रात्रपाळीची अर्धी झोप झालेली असते. वर बंगालच्या उपसागराची दमट हवा. हवेतच पाणी इतके असते की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. मग हृदयाला स्नायूंबरोबरच त्वचेकडेही जास्त रक्त धाडावे लागते. आमच्या पिंपरी-चिंचवडला किंवा वाळूजला पाळी करून जिममध्ये जाणाऱ्यांचीही गोष्ट वेगळी नाही, फक्त किनारपट्टीवर तो भार आणखी वाढतो. मोस्सोच्या परीक्षकाचे बोट इथे आठवावे. दिवसभर काट्यावर डोळा ठेवून यंत्र चालवणाऱ्याचा मेंदूही परीक्षकाइतकाच दमलेला असतो.

याच राज्यातल्या वेल्लूरच्या सतीश शिवलिंगमचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. दक्षिण रेल्वेत नोकरी करणाऱ्या या खेळाडूला राष्ट्रीय स्पर्धेत १९४ किलोंचा क्लीन अँड जर्क करताना मांडीच्या स्नायूला दुखापत झाली होती. त्यानंतर २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो उतरला, १४४ आणि १७३ मिळून ३१७ किलो उचलले आणि ७७ किलो गटात सुवर्णपदक जिंकले. सुवर्ण पक्के झाल्यावर त्याने शेवटचा प्रयत्न सोडून दिला. सभागृह टाळ्या वाजवत असताना आणि अंगात जोर असताना हे करणे सोपे नाही.

सोपे का नाही, याचेही उत्तर विज्ञानाकडे आहे, आणि ते झुरळांकडून आले. रॉबर्ट झायॉन्स आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये झुरळांना उजेडापासून पळायला लावले. काहींना सरळ बोळातून पळायचे होते, काहींना वळण असलेल्या चक्रव्यूहातून. काही वेळा बाजूच्या पारदर्शक डब्यांत इतर झुरळे प्रेक्षक म्हणून ठेवली. प्रेक्षक असताना सरळ बोळातली झुरळे अधिक वेगाने पळाली आणि चक्रव्यूहातली मंदावली. सोपे, अंगवळणी पडलेले काम इतरांच्या उपस्थितीत सुधारते. अवघड, न मुरलेले काम बिघडते. माणसांतही हेच कल सापडले आहेत. ग्रुप बॅचमध्ये शेजारचा पळतोय म्हणून आपण जोरात पळतो, बैठका जास्त मारतो, हा खरा फायदा आहे. स्नॅच मात्र नवशिक्यासाठी चक्रव्यूह आहे. ‘अजून एक, अजून एक’ हा ओरडा बैठकांना बळ देतो आणि स्नॅचला धक्का.

यावरून ग्रुप व्यायाम फार धोक्याचा ठरतो का? आकडे तसे म्हणत नाहीत. क्रॉसफिटवरच्या सर्वेक्षणांत दर हजार तासांमागे साधारण तीनच्या आसपास दुखापती नोंदल्या गेल्या आहेत. वेटलिफ्टिंग किंवा जिम्नॅस्टिक्सच्या जवळपासचा हा दर आहे, रग्बीसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांपेक्षा बराच कमी. दुखावतात ते प्रामुख्याने खांदे आणि कंबर. म्हणजे बॅच बंद करायची गरज नाही. त्या तासातली काही मिनिटे कशी रचायची एवढाच प्रश्न आहे.

एक दुखापत मात्र कण्याशी संबंधित नसूनही इथे सांगायलाच हवी. खूप दिवसांनी व्यायामाला आलेला माणूस पहिल्याच दिवशी ईर्ष्येने शेकडो उचली करतो तेव्हा स्नायूंच्या पेशी मोठ्या संख्येने फुटू शकतात आणि त्यांतले मायोग्लोबिन रक्तातून मूत्रपिंडात जाते. डॉक्टर याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. १९४१ मध्ये लंडनच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चेंगरलेल्या लोकांत बायवॉटर्स आणि बील यांनी याचे सविस्तर वर्णन केले होते. तीच प्रक्रिया वातानुकूलित हॉलमध्येही घडू शकते. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत स्नायू असह्य दुखून सुजले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर घरगुती लेप लावत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सीपीके नावाच्या रक्ततपासणीत ते कळते, आणि वेळेवर सलाइन मिळाले तर मूत्रपिंड वाचते.

उरला प्रश्न रचनेचा. जड आणि कौशल्याची उचल तासाच्या सुरुवातीला, अंग नीट गरम झाल्यावर लगेच, तीन-पाच उचलींच्या लहान संचांत, मध्ये दोन-तीन मिनिटे देऊन करावी. दम काढायचा भाग नंतर, आणि त्यात हलकी केटलबेल, दोरीउड्या, रोइंग, अंगाच्या वजनाच्या बैठका असाव्यात. तिथे फॉर्म थोडा बिघडला तरी कण्यावर पावणेदोन टन नसतात. घड्याळ लावूनच बार उचलायचा असेल तर वजन इतके कमी असावे की शेवटची उचलही पहिलीसारखी दिसेल. आणि तुमच्या जिममध्ये वीस जणांच्या बॅचला एकच ट्रेनर जड स्नॅच करवत असेल, तर त्याला प्रत्येकाची कंबर दिसणे शक्य नाही, हे त्याला सांगायला संकोचू नका. चांगला ट्रेनर याचा राग मानत नाही.

पण मेहनत कमी केली तर ताकद कमी वाढेल, ही भीती जिममध्ये सगळ्यांना असते. स्पेनमध्ये पारेहा-ब्लांको आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हीच भीती तपासली. बारला वेग मोजणारे उपकरण लावले आणि तरुणांचे दोन गट करून आठ आठवडे स्क्वॉट करवले. एका गटाने बारचा वेग २० टक्के घटला की संच थांबवायचा, दुसऱ्याने ४० टक्के घटेपर्यंत रेटायचे. पहिल्या गटाच्या एकूण उचली दुसऱ्याच्या साधारण साठ टक्केच भरल्या. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांची स्क्वॉटची ताकद जवळपास सारखीच वाढली होती, आणि जागेवरून मारायच्या उभ्या उडीत तर कमी थकलेला गट पुढे निघाला. स्नायूंचा आकार मात्र जास्त रेटणाऱ्यांचा अधिक वाढला, हेही खरे. तसे उपकरण जवळ नसले तरी बाजूला उभ्या मित्राला बारचा वेग डोळ्यांनी दिसतो. तो पहिल्या उचलीपेक्षा स्पष्टपणे मंदावला की त्याने ‘बस’ म्हणायचे आणि आपण बार खाली ठेवायचा.